एकशे चौऱ्याहत्तरचा वाद

एलडीएल 174, एकूण कोलेस्टेरॉल 248, एचडीएल 44, ट्रायग्लिसराइड 150. वय 57, साखर ठीक, रक्तदाब 138/86. मालवणात खानावळ चालवणाऱ्या वहिनींचा हा रिपोर्ट. वाचला त्यांच्या धाकट्या दिरांनी, कारण त्यांचं गावातच औषधांचं दुकान आहे आणि घरात कुणाचाही कागद आला की पहिला चष्मा त्यांचा निघतो. डॉक्टरांनी स्टॅटिनची गोळी लिहून दिली होती. वहिनींनी चिठ्ठी मसाल्याच्या डब्याखाली सारली आणि संध्याकाळच्या वाटणासाठी नारळ फोडायला घेतले. दुपारची गिऱ्हाइकं उठून गेली होती. माझं जेवण झालं होतं, पण वाद ऐकण्यासारखा होता म्हणून बसून राहिलो. बोलणं मालवणीत झालं. इथे ते बरंचसं प्रमाण मराठीत उतरवलं आहे.

वहिनी : भावजी, नारळात कोलेस्टेरॉल नसतं हे तुम्हीच मला कधीतरी सांगितलं होतं. मग माझं वाढलं कशानं?

भावजी : नारळातच काय, झाडाच्या कुठल्याच वस्तूत ते नसतं. तेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ छापतात ती निव्वळ जाहिरात. पण वहिनी, रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल ताटातून येतच नाही, आपलंच यकृत ते बनवतं. त्यातलं एलडीएल म्हणजे माल भरलेली होडी समजा. यकृताच्या पेशींवर तिला लागायला धक्के असतात. होडी धक्क्याला लागली की माल उतरतो, रक्त मोकळं होतं. खोबरेल, तूप, लोणी यांतली संपृक्त चरबी फार झाली की यकृत धक्केच कमी करतं. मग होड्या रक्तात फिरत राहतात आणि रक्तवाहिनीच्या भिंतीत माल टाकत जातात. हे धक्के शोधून काढणाऱ्या ब्राऊन आणि गोल्डस्टीन या अमेरिकन डॉक्टरांना 1985 साली नोबेल मिळालं.

वहिनी : मिळू दे त्यांना. माझे सासरे, म्हणजे तुमचे बापूस, रोजचा नारळ खाऊन नव्वदीला टेकले होते.

भावजी : बाबा रापणीचं जाळं ओढायचे. पहाटे पेज पिऊन निघायचे ते कमरेला दोर बांधून वाळूत पाय रोवत. तुम्ही ओढता रापण? मी तर दुकानात दिवसभर स्टुलावर बसून असतो. आणि बाबांच्या बरोबरीचे जे पन्नाशीत ‘छातीत कळ आली नि गेला’ असे गेले, त्यांची उदाहरणं घरात कुणी देत नाही. नव्वदीपर्यंत पोचलेलाच तेवढा लक्षात राहतो.

हा मुद्दा वहिनींना पटला नाही, पण त्यांनी तो खोडलाही नाही. खरं तर नारळाच्या बाजूने बोलायला त्यांच्या सासऱ्यांपेक्षा भक्कम पुरावा उपलब्ध आहे. पॅसिफिक महासागरात पुकापुका आणि टोकेलाऊ ही प्रवाळबेटं आहेत. तिथल्या लोकांच्या आहाराचा अभ्यास 1981 मध्ये प्रसिद्ध झाला. टोकेलाऊच्या माणसांना आहारातल्या ऊर्जेपैकी 63 टक्के नारळातून मिळत होती, पुकापुकाच्या लोकांना 34 टक्के. हृदयविकार दोन्हीकडे विरळा. नारळवादी मंडळी इथेच थांबतात. पण त्याच अभ्यासात हेही आहे की जास्त नारळ खाणाऱ्या टोकेलाऊकरांचं कोलेस्टेरॉल पुकापुकाकरांपेक्षा 35 ते 40 अंकांनी जास्त होतं. म्हणजे नारळाने आकडा वाढतो. तरीही मासे, कष्ट आणि साखरेचा अभाव असलेल्या आयुष्यात त्या आकड्याने तेवढं नुकसान केलं नाही. टोकेलाऊचे लोक न्यूझीलंडला स्थायिक झाले तेव्हा नारळ कमी झाला, साखर आणि पिठूळ पदार्थ वाढले, आणि हृदयाला धोक्याचे बदल त्यांच्यात दिसू लागले. मालवणचा माणूस आज बेटावरचा आहे की न्यूझीलंडला गेलेला? माझ्या मते गेलेला. फक्त तो नारळ सोबत घेऊन गेला.

वहिनी : केरळात सगळं जेवण खोबरेलात असतं. तिकडे हॉस्पिटलातच प्रयोग केला नि काही फरक पडला नाही, असं मला फोनवर आलं होतं.

भावजी : आलं ते खोटं नाही. कोचीच्या अमृता हॉस्पिटलचा अभ्यास तो, 2016 मध्ये छापून आला. हृदयविकाराचे दोनशेच्या आसपास रुग्ण, दोन वर्षं. निम्म्यांना खोबरेल, निम्म्यांना सूर्यफूल. फरक निघाला नाही. पण ते सगळे हृदयविकाराची नेहमीची औषधं घेत होते. गोळी घेऊन खोबरेल खा, असं म्हणायचं असेल तर माझी हरकत नाही. तुम्हाला गोळी नको आणि खोबरेल हवं. पुढे 2020 साली अशा सोळा प्रयोगांची बेरीज मांडली गेली, त्यात इतर वनस्पती तेलांच्या मानाने खोबरेलाने एलडीएल दहाएक अंकांनी वाढलेलं दिसलं.

वहिनी : दहाच ना? मग माझ्या 174 मधले दहा नारळाचे. बाकीचे 164 कोणाचे?

या प्रश्नावर भावजी क्षणभर गप्प झाले. मलाही तो प्रश्न फार आवडला. कोकणात कोलेस्टेरॉल म्हटलं की बोट सरळ नारळाकडे जातं, आणि मग एक बाजू नारळाला विष ठरवते, दुसरी अमृत. मधली मोठी रक्कम कुणी विचारत नाही. ती रक्कम वय, वारसा, वजन, थायरॉइड आणि यकृताचा स्वभाव यांच्या नावावर असते.

भावजी : वयाचाही भाग आहे. बायकांमध्ये... म्हणजे एका वयानंतर...

वहिनी : पाळी गेल्यावर, असं म्हणा की. औषधांचं दुकान चालवता नि लाजता काय?

भावजी : हां, तेच. तोपर्यंत बायकांना जरा संरक्षण असतं, मग एलडीएल चढायला लागतं. बायका समजतात हा पुरुषांचा आजार. छातीत कळ न येता नुसता दम लागतो, जबडा नाहीतर पाठ दुखते, मळमळतं, आणि त्या ओवा खाऊन पडून राहतात.

मग गोष्ट ताटावर आली. वहिनींनी स्वतः सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोडली होती, रिपोर्ट आला त्याच दिवशी. शेजारणीने सांगितलं होतं म्हणून. इथे मात्र भावजींनी त्यांचीच बाजू घेतली. कोळंबीत कोलेस्टेरॉल भरपूर असतं हे खरं, पण संपृक्त चरबी अगदी कमी. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात 1996 मध्ये निरोगी माणसांना रोज 300 ग्रॅम कोळंबी खायला घातली. एलडीएल सात टक्क्यांनी वाढलं, चांगलं म्हणतात ते एचडीएल बारा टक्क्यांनी, आणि ट्रायग्लिसराइड उतरले. अन्नातलं कोलेस्टेरॉल रोज 300 मिलिग्रॅमच्या आत ठेवा ही मर्यादा खुद्द अमेरिकेने 2015 च्या आहारसूचनांतून काढून टाकली. एवढी वर्षं अंड्याचा बलक आणि कोळंबी उगाच बदनाम झाली. ज्यांनी बदनाम केली त्यांनी नंतर तेवढ्याच मोठ्या आवाजात ते मागे घेतलं नाही, हा वहिनींचा राग मला रास्त वाटतो.

वहिनी : म्हणजे आज सुंगटं चालतात, उद्या नारळही चालेल. दर दहा वर्षांनी तुमचे डॉक्टर नवीन सांगतात. मी कशाला बदलू?

भावजी : सुंगटांबद्दल बदललं. एलडीएल जितकं कमी आणि जितकी वर्षं कमी, तितका अटॅकचा धोका कमी, हे बदललं नाही. उलट पक्कं होत गेलं. आणि बांगडा, पेडवे तर खाच, त्यांचं तेल हृदयाला चांगलं. पण तुम्ही बांगडा खाता कसा? तिरफळं घालून केलेलं तिखलं तुम्ही पर्यटकांना देत नाही, ते मागतही नाहीत. त्यांना रवा लावून तळलेली सुरमई हवी. मग कढईत उरलेलं तेल रात्री पुन्हा तापतं, नि घरच्यांचे मासेही त्यातच पडतात.

वहिनी : तेल मी रोज बदलते.

भावजी : दिवाळी नि मे महिन्याच्या गर्दीत?

वहिनींनी उत्तर दिलं नाही, नारळ खवत राहिल्या. तळणाचं तेल कुठवर वापरावं याला 2018 पासून कायद्याची मर्यादा आहे. तेलातली खराब झालेली द्रव्यं 25 टक्क्यांच्या वर गेली की ते टाकून द्यायचं. पण ते मोजायचं यंत्र कुठल्या खानावळीत असतं? रंग आणि वास हेच यंत्र. वनस्पती तुपातल्या ट्रान्स चरबीवर 2022 पासून दोन टक्क्यांची मर्यादा आली, ते जास्त कामाचं झालं, कारण ती तपासणी कारखान्यात होते. चहाबरोबरची खारी आणि बटर यांच्याकडे नारळाचं भांडण करणाऱ्यांचं लक्ष गेलेलं मी क्वचितच पाहिलंय.

आता भावजींनी हिशेब मांडला. शंभर ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साधारण 33 ग्रॅम चरबी, त्यातली 30 संपृक्त. दोन हजार कॅलरींच्या जेवणात संपृक्त चरबी दहा टक्क्यांच्या आत ठेवायची तर दिवसाला जेमतेम 22 ग्रॅम बसते. घरात चार माणसं आणि रोज एक मोठा नारळ, म्हणजे आमटी, भाजी आणि सोलकढी मिळून माणशी शंभर ग्रॅमच्या आसपास खोबरं. एकट्या नारळाने मर्यादा ओलांडली, तूप आणि दूध अजून बाकीच.

वहिनी : सोलकढीत रस काढून चोथा टाकतो की.

भावजी : चरबी रसातच येते. टाकता तो तंतू, जो उपयोगाचा होता.

वहिनी : आणि कोकम? कोकमाने चरबी वितळते म्हणतात.

भावजी : कोकम पोटाला थंड. पण नारळाच्या रसात घातल्याने नारळ पुसला जात नाही. नुसतं कोकमाचं सार प्या, मी काही म्हणणार नाही.

(कोकमावरून आठवलं. त्याच्या बियांचं भिरंडेल थंडीत दगडासारखं घट्ट होतं, आणि घट्ट होतं म्हणून लोक त्याला सर्वांत वाईट समजतात. पण त्यातलं स्टिअरिक आम्ल एलडीएल फारसं वाढवत नाही, आणि नारळातलं लॉरिक वाढवतं. नुसत्या दिसण्यावरून चरबी ओळखता येत नाही. अर्थात आता भिरंडेल खायला वापरतंय कोण? ते भेगाळलेल्या टाचांना लावायला उरलंय.)

तडजोड अशी निघाली : घरच्या चौघांना दिवसाआड एक नारळ, खानावळीचा हिशेब वेगळा. बदल्यात कुळथाची पिठी, चवळी आणि नाचणी वाढवायची, कारण डाळी-कडधान्यांतला विरघळणारा तंतू कोलेस्टेरॉल थोडं बाहेर काढतो. सुक्या मासळीवर दोघांचं जमेना. जून आणि जुलै असे दोन महिने मासेमारी बंद असते. तेव्हा सुका बांगडा आणि गोलमो यांच्याशिवाय मालवणी ताट ओकंबोकं. त्यांतलं मीठ रक्तदाब वाढवतं, आणि 138/86 ला तो मुद्दा लहान नाही. ‘रात्रभर पाण्यात ठेवून पाणी टाकीन,’ एवढ्यावर वहिनी थांबल्या.

वहिनी : एवढं केलं तर गोळी नको ना?

भावजी : खाणं नीट सांभाळलं तर एलडीएल दहा-पंधरा टक्क्यांनी उतरतं. 174 चे 148 झाले समजा. भारतातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेने, कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने, 2024 मध्ये पहिल्यांदा आपल्या देशासाठी आकडे ठरवून दिले. साध्या माणसाला शंभरच्या खाली, जास्त धोका असलेल्याला सत्तरच्या खाली, आणि ज्याला अटॅक येऊन गेला आहे त्याला 55 च्या खाली. 148 कुठे बसतात? मध्यम ताकदीच्या गोळीने तीस ते पन्नास टक्के उतार मिळतो.

वहिनी : आकडे खाली खाली आणत जायचं, म्हणजे गिऱ्हाईक वाढतं. शंभरात 81 भारतीयांच्या रक्तातली चरबी बिघडलेली आहे, असं पेपरात होतं. अहो, शंभरातली 81 माणसं आजारी असतील तर आजाराची व्याख्या चुकली असेल.

हे वहिनींचं सर्वांत धारदार वाक्य. तो 81.2 टक्क्यांचा आकडा आयसीएमआरच्या 2023 मधल्या देशव्यापी पाहणीतला आहे. पण तो फोडून बघायला हवा. त्यात सगळ्यांत मोठा वाटा कमी एचडीएलचा, तब्बल 66.9 टक्क्यांचा. एलडीएल वाढलेले लोक साधारण पाचातला एक. एचडीएल औषधाने वाढवून अटॅक टळतात का, हे जगाने करून पाहिलं आहे. त्यातलं टॉर्सेट्रापिब नावाचं औषध मृत्यू वाढले म्हणून 2006 मध्ये अर्ध्यावर थांबवावं लागलं. तेव्हा 81 जणांना गोळी द्या असं कुणी म्हणत नाही, आणि 81 चा आकडा दाखवून घाबरवणाऱ्यांवर वहिनींनी हसावं हे योग्यच. त्या 81 मधून ज्यांचं एलडीएल खरंच चढलेलं आहे ते वेगळे काढायचे असतात. आणि वहिनी त्या वेगळ्या काढलेल्यांत आहेत.

भावजी : गोळीचा शोध जपानी माणसाने लावला, अकिरा एंडो. बुरशीतून. पहिली स्टॅटिन 1987 साली बाजारात आली. 1994 मध्ये स्कँडिनेव्हियातल्या 4,444 हृदयरुग्णांवरचा अभ्यास आला, त्यात गोळी घेणाऱ्यांचे एकूण मृत्यू तीस टक्क्यांनी कमी झाले. एलडीएल चाळीसेक अंकांनी उतरलं की अटॅक नि पक्षाघाताचा धोका साधारण पाचव्या हिश्शाने कमी होतो.

वहिनी : ते हृदयरुग्ण होते. मी नाही.

भावजी : बरोबर. तुमचा मुळातला धोका कमी, म्हणून फायदाही आकड्यात लहान. ते कबूल.

वहिनी : आणि पाय दुखतात. तुमच्या दादांना पहिल्या महिन्यातच पोटऱ्या धरल्या होत्या.

भावजी : इंग्लंडमध्ये 2020 साली साठ लोकांना, ज्यांनी त्रासामुळे गोळी सोडली होती, काही महिने खरी गोळी, काही महिने नुसती पिठाची, काही महिने काहीच नाही, असं आलटून पालटून दिलं. कोणती ते त्यांना सांगितलं नाही. गोळीच्या महिन्यांत जो त्रास झाला, त्यातला नव्वद टक्के पिठाच्या गोळीनेही झाला. खरा स्नायूंचा त्रास होतो, पण थोड्यांना. तेव्हा डॉक्टर मात्रा कमी करतात, गोळी बदलतात. साखरेचंही खरं आहे. 255 माणसांनी चार वर्षं गोळी घेतली तर एकाला जादा मधुमेह होतो. मी तुमच्यापासून काही लपवत नाही.

वहिनी : हे सगळं डॉक्टरांनी का नाही सांगितलं? रिपोर्ट बघितला, चिठ्ठी लिहिली, पुढचा पेशंट.

भावजींकडे याचं उत्तर नव्हतं. बाहेर वीस माणसं बसलेली असताना कुठल्याही डॉक्टरकडे ते नसतं. पण डब्याखाली गेलेल्या चिठ्ठ्यांचं मोठं कारण हेच असावं, असा माझा समज आहे. शंका असलेल्या माणसाला आपण अडाणी समजतो. वहिनींच्या शंका मी मोजल्या नाहीत, पण त्यातल्या निम्म्याहून जास्त बिनचूक होत्या.

भावजी : बरं, गोळीचं राहू दे. मशेरी?

शांतता. तव्यावर तंबाखू भाजून दात घासायची सवय कोकणातल्या कितीतरी बायकांची आहे, आणि तिला त्या व्यसन समजत नाहीत. 2004 मध्ये 52 देशांतून झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात नऊ साध्या कारणांतून जगातल्या नव्वद टक्के अटॅकचा उलगडा झाला. रक्तातली चरबी आणि तंबाखू ही त्यांतली सर्वांत मोठी दोन. त्याच अभ्यासात दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला अटॅक सरासरी 53 व्या वर्षी आला, इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी. नारळावर दीड तास बोलणाऱ्या वहिनींनी मशेरीवर एवढंच म्हटलं :

वहिनी : सोडते. हळूहळू. त्यावर भाषण नको.

मग दादांचा विषय निघाला. वहिनींचे पती, भावजींचे थोरले भाऊ. वयाच्या 49 व्या वर्षी अटॅक आला. इथून गोव्याच्या बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला न्यायला अडीच-तीन तास. सिंधुदुर्गात कुणालाही छातीत कळ आली की आजही पहिलं नाव बांबोळीचं निघतं. गोवा सरकारने 2018 मध्ये परराज्यातल्या रुग्णांना तिथे शुल्क लावलं तेव्हा जिल्ह्यातले दोडामार्गकर रस्त्यावर उतरले, ते याच अवलंबनामुळे. दादा वाचले, स्टेंट बसली, गोळ्या नेमाने घेतात. अटॅकच्या आधी त्यांचं कोलेस्टेरॉल कधी तपासलेलंच नव्हतं.

भावजी : घरात एवढं होऊन गेलं, आणि तुम्ही...

वहिनी : थांबा. त्यांचा अटॅक माझ्या खात्यात कसा? ते तुमच्या घराण्याचं रक्त. माझ्या माहेरी कोणाला काही नाही.

वहिनींचं बरोबर होतं. नवऱ्याचा हृदयविकार बायकोचा वारसा नसतो. तो भावाचा असतो, मुलाचा असतो. बाप किंवा भाऊ 55 च्या आत आजारी पडला तर ती धोक्याची नोंद समजतात. भारतीयांत साधारण चौघांत एकाला लिपोप्रोटीन-ए नावाचा आणखी एक चरबीचा कण जन्मतःच जास्त असतो. तो खाण्याने वाढत नाही आणि उपासाने उतरत नाही. 2024 च्या त्याच सूचना सांगतात की तो आयुष्यात एकदा तरी तपासावा, आणि रक्तातल्या चरबीची पहिली तपासणी अठराव्या वर्षीच करावी.

वहिनी : मग भावजी, तुमचा रिपोर्ट कधीचा?

भावजी : कोरोनाच्या आधीचा.

वहिनी : दुकानात बसून लोकांना गोळ्या देता! आणि झिलाचा? एकतीस वर्षांचा झाला, ठाण्यात रात्रपाळी, जेवण हॉटेलातलं. त्याचा कोणी काढलाय?

कुणीच नव्हता काढलेला. ज्या घरात बापाला 49 व्या वर्षी अटॅक आला, तिथे दीड तास 57 वर्षांच्या आईच्या सोलकढीवर खल चालला होता. वहिनींनी खोबऱ्याचे हात पदराला पुसले, डब्याखालची चिठ्ठी काढून दिरांच्या हातात दिली. ‘तीन महिने खाणं सांभाळते, मशेरी सोडते, मग परत रक्त काढू. शंभराच्या आसपास आलं नाही तर गोळी चालू. पण आधी डॉक्टरांना विचारा, एवढं थांबलेलं चालेल का.’ आणि मुलाला फोन लावला.

तिकडून त्याने विचारलं असावं, कारण त्यांनी फोनवर हात ठेवून दिरांना विचारलं, ‘उपाशी जायचं का?’

‘या तपासणीला उपाशी राहायची गरज नाही आता. ट्रायग्लिसराइड फार वर निघाले तरच पुन्हा उपाशीपोटी करतात.’

‘ऐकलंस? काका म्हणतात जेवून गेलास तरी चालतं. तेव्हा उपाशी राहायला वेळ नाही ही सबब सांगू नको. आणि त्या ‘ए’वाल्या कणाचं नाव लिहून घे, लॅबवाला आपणहून करणार नाही. भावजी, सांगा त्याला स्पेलिंग.’